जुन्या मोटारसायकलची ऑईल गळती : आधी निदान, मग पाना

मावळ तालुक्यात नव्या गाड्यांची दुकाने कितीही उघडली, तरी पोटापाण्याच्या धंद्यात राबतात त्या बहुतांशी जुन्याच मोटारसायकली. पवनानगरकडून दुधाचे कॅन लादून येणारा, कामशेतच्या बाजारात भाजीची पोती आणणारा, लोणावळ्यात चिक्कीचे बॉक्स दुकानोदुकानी पोहोचविणारा, तळेगाव-वडगावात प्लंबिंगचे सामान घेऊन फिरणारा कारागीर यांच्याकडे पाहिले तर १९८५ साली बाजारात आलेली हीरो होंडा सीडी-१००, १९९४ साली आलेली स्प्लेंडर, बजाजची बॉक्सर किंवा एम-८०, एखाद्याकडे वडिलांच्या वेळची बुलेट, एखाद्याकडे १९९६ साली उत्पादन थांबलेली यामाहा आरएक्स-१०० अशाच गाड्या दिसतात. हीरो होंडा हे नावही आता राहिले नाही. २०११ पासून ती कंपनी हीरो मोटोकॉर्प झाली. परंतु टाकीवर जुने नाव असलेल्या गाड्या अजून रोजी कमावून देत आहेत.

या गाड्यांची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे इंजिनखाली पडणारा ऑईलचा डाग. गाडीचा मालक म्हणतो, "जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच." गॅरेजवाला म्हणतो, "बॉन्ड लावून देतो." दोघेही समाधानी होतात आणि महिन्याभरात डाग पुन्हा जागेवर. हा लेख दोघांसाठी आहे. गाडी दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंसाठी, आणि ज्यांचा धंदा त्या गाडीवर चालतो त्या व्यापारी बंधूंसाठीही.

थेंबाचा हिशेब

गळती किती, हे डोळ्यांना नेहमी कमी वाटते. म्हणून हिशेब मांडून पाहू. साधारणपणे वीस ते तीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. इंजिन गरम असताना मिनिटाला एक थेंब पडत असेल आणि गाडी दिवसातून आठ तास धंद्यावर असेल, तर दिवसाला ४८० थेंब, म्हणजे सोळा ते चोवीस मिलिलिटर. महिन्याला हे अर्धा ते पाऊण लिटर होते. स्प्लेंडरच्या वर्गातील १०० सीसी इंजिनात मुळात ऑईल मावते एक लिटरच्या आत. म्हणजे मिनिटाला एक थेंब या "थोड्याशा" गळतीने महिन्याभरात इंजिनाचा अर्ध्याहून अधिक साठा रस्त्यावर गेला. पट्टी काढून पाहण्याची सवय नसलेल्या माणसाची गाडी मग एखाद्या दिवशी खंडाळ्याचा चढ चढताना जॅम होते. पन्नास रुपयांच्या आत मिळणाऱ्या ऑईल सीलपायी बोअर-पिस्टन, कधी कॅम आणि रॉकरही बदलावे लागतात.

दुसरे नुकसान पैशात मोजता येत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मनाई आहे. म्हणून आपल्या भागातील सर्व मोटारसायकली जुन्या महामार्गाने, ट्रक-टेंपोंच्या सोबतीने धावतात. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो. अशा ओल्या वळणावर इंजिनाचे ऑईल उडून मागच्या टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमवर आले, तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून कारागिराने पहिला प्रश्न हा विचारावा : गळणारे ऑईल मागच्या चाकापर्यंत पोहोचते काय? पोहोचत असेल, तर ती गाडी "उद्या बघू" म्हणून परत पाठविण्याची नव्हे.

गळती कोठून, हे आधी ठरवा

ऑईल जेथे दिसते तेथून ते क्वचितच येते. ते वरून खाली वाहते आणि गाडी धावत असताना वाऱ्याने पुढून मागे सरकते. टॅपेट कव्हरच्या रबरी रिंगमधून पाझरलेले ऑईल सिलिंडरच्या पंख्यांवरून उतरून बुडाच्या पॅकिंगवर जमा होते, आणि मेकॅनिक सरळ ब्लॉक उतरवावयास घेतो. म्हणून नियम हा की ओली असलेली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. गुन्हेगार तेथे असतो.

यासाठी इंजिन प्रथम स्वच्छ धुवावे. थंड इंजिनावर रॉकेल किंवा डिझेल ब्रशने घासून सगळा चिखल-तेलाचा थर काढावा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. एअर फिल्टरच्या तोंडात, सायलेन्सरमध्ये आणि प्लगच्या खाचेत पाणी जाऊ देऊ नये. कोरड्या झालेल्या इंजिनावर खडूची बारीक पूड किंवा अंगाला लावावयाची टाल्कम पावडर भुरभुरावी. त्यानंतर गाडी चालू करून गरम होऊ द्यावी, जमल्यास दोन-चार किलोमीटर फिरवून आणावी, कारण जाग्यावर न गळणारी गाडी भार पडल्यावर गळते. लोणावळ्याच्या कारागिराला त्यासाठी चढ शोधावयास लांब जावे लागत नाही. परत आल्यावर पांढऱ्या पुडीत काळी ओली रेघ उमटलेली दिसते आणि रेघेचे वरचे टोक म्हणजे गळतीची जागा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला आणि त्यावर पुढच्या चाकाची बाजू लिहून ठेवली, तर थेंब कोणत्या बाजूला पडतो हेही कळते. या सगळ्यास तासभर लागतो, हे खरे. परंतु नको ते कव्हर उघडण्यात त्यापेक्षा जास्त वेळ आणि एक पॅकिंग फुकट जाते.

जे पाझरते ते इंजिन ऑईलच आहे, याचीही खात्री करावी. मावळात डाव्या बाजूच्या गळतीच्या कित्येक तक्रारी या मुळी गळतीच नसतात. चेनला मालकाने जुने ऑईल सढळ हाताने ओतलेले असते. ते पुढच्या स्प्रॉकेटवरून उडून कव्हरच्या आत भातखाचरातील चिखलाशी मिसळते आणि त्याचा काळा लगदा मॅग्नेट कव्हरच्या खालून टपकतो. कव्हर उघडून तो लगदा खरवडला आणि चेन नीट पुसून बेताने वंगण दिले की काम संपले. त्याचप्रमाणे कार्बोरेटरमधून गळणारे पेट्रोल जुनी मळी विरघळवून खाली आणते आणि ते ऑईलसारखे दिसते. बोटावर घेऊन वास घ्यावा. पातळ आणि लवकर उडून जाणारे असेल, तर दोष कार्बोरेटरच्या फ्लोटमध्ये आहे.

साइड स्टँडची गोष्टही लक्षात ठेवावी. गाडी रात्रभर डावीकडे कललेली उभी राहिली की सगळे ऑईल डाव्या अंगाला येते, आणि गिअर शाफ्ट किंवा स्प्रॉकेटच्या शाफ्टचे सील कमजोर असेल तर तेथून झिरपते. गाडी मुख्य स्टँडवर सरळ ठेवल्यास डाग पडत नाही. एवढ्या एका परीक्षेने अर्धे निदान होते.

आतला दाब पाहिल्याशिवाय पॅकिंग बदलू नका

या मुद्द्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, म्हणून येथे थोडे थांबू.

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची हवा दाबली जाते. शिवाय रिंगांच्या बाजूने थोडा जळका वायूही खाली उतरतो. ही हवा बाहेर जावी म्हणून प्रत्येक चार-स्ट्रोक इंजिनाला श्वास घेण्याची नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ही नळी तुंबली की कोंडलेली हवा वाट शोधते. ती वाट म्हणजे सर्वांत दुबळे सील किंवा पॅकिंग. अशा वेळी तुम्ही किकचे सील बदलले तर आठवड्याने गिअरच्या सीलमधून गळेल, ते बदलले तर टॅपेटच्या रिंगमधून. गिऱ्हाईक म्हणेल की कारागिराला काम येत नाही, आणि कारागीर म्हणेल की माल नकली आहे.

ब्रीदरची नळी काढून फुंकून पाहावी. पावसाळ्यानंतर तिच्या तोंडाशी लाल माती घट्ट बसलेली सापडते. शेताच्या कडेला किंवा गोठ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचे घर बांधलेले असते. एखाद्या ठिकाणी नळी चेमटून टाकीखाली दाबली गेलेली असते. नळी मोकळी करूनही दाब कमी होत नसेल, तर इंजिन चालू ठेवून ऑईल भरावयाचे झाकण सैल करून पाहावे. (हात जपून, गरम ऑईल उडते.) धूर भकाभका बाहेर येत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसत असेल आणि किक हलकी लागत असेल, तर रिंगा व बोअर झिजले आहेत. आता पॅकिंग बदलून गळती थांबणार नाही. हे गिऱ्हाईकाला पैसे घेण्याआधी सांगावयाचे, नंतर नव्हे.

दाबाचे आणखी एक साधे कारण म्हणजे जास्त भरलेले ऑईल. "थोडे जास्त असलेले बरे" या समजुतीने दीड पट ऑईल ओतलेल्या गाड्या येतात. असे ऑईल ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात चढते आणि तेथून खाली टपकते. पातळी मोजताना गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तितकाच वेळ थांबावे आणि पट्टी पुसून मग बुडवावी. होंडा पद्धतीच्या बहुतेक इंजिनांत पट्टी आट्यात न फिरवता नुसती टेकवून मोजतात. काही गाड्यांची रीत निराळी आहे, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. ऑईल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर आत पाणी गेले आहे. पुरातून किंवा ओढ्यातून काढलेल्या गाडीचे ऑईल लगेच बदलावे.

सील आणि पॅकिंगचे काम

निदान पक्के झाल्यावर हातात पाना घ्यावा. कोणत्या गाडीत कोणते सील कोठे, हे कारागिराला माहीत असतेच. म्हणून जेथे काम बिघडते त्या गोष्टींवरच भर देतो.

ऑईल सीलच्या अंगावर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. जुन्या सीलवरचे आकडे वाचून नवे घ्यावे. "ह्याच गाडीचे द्या" म्हटल्यावर दुकानदार मॉडेल बदलल्याचे लक्षात न घेता दुसरेच देतो. किकच्या आणि गिअरच्या शाफ्टचे सील अनेक गाड्यांत कव्हर न उघडता बाहेरूनच निघते. सीलच्या पत्र्यात छोटा स्क्रू फिरवून तो पकडीने ओढला की सील सरळ बाहेर येते. शाफ्टला आणि घराच्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नये, कारण तोच ओरखडा पुढची गळती होतो. नवे सील बसविताना ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू ऑईलकडे, म्हणजे आत. सीलच्या ओठाला ऑईल किंवा ग्रीस लावावे. किकच्या शाफ्टचे दाते नव्या ओठाला कापतात, त्यासाठी दात्यांवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून त्यावरून सील सरकवावे आणि मग तुकडा काढून घ्यावा. सील ठोकताना त्याच मापाचा सॉकेट किंवा नळीचा तुकडा वापरावा. एका कडेला हातोडा मारून बसविलेले सील तिरके राहते.

शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर नवे सीलही गळेल. घरात जागा असल्यास सील एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवावे, म्हणजे ओठ नव्या गुळगुळीत जागी येतो. जागा नसेल तर शाफ्ट बदलणे हाच उपाय. काही गाड्यांत स्प्रॉकेटच्या शाफ्टचे सील दोन्ही केसच्या मध्ये अडकविलेले असते आणि त्यासाठी इंजिन फोडावे लागते. गाडी आत घेण्याआधी हे माहीत करून घ्यावे, नाही तर अर्ध्या तासाचा भाव सांगून दोन दिवसांचे काम गळ्यात पडते.

कव्हरचे पॅकिंग बदलताना आधी एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढावा आणि जो बोल्ट जेथून निघाला तेथे पुठ्ठ्यात खोचून ठेवावा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात फिरवला की ॲल्युमिनियमचे केस तडकते, आणि आखूड बोल्ट लांब भोकात दोन आट्यांवर बसून ते आटे घेऊन बाहेर येतो. जुन्या गाड्यांचे चौफुली स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरनेच सोडवावेत, म्हणजे डोकी जात नाहीत. कव्हर निघत नसेल तर त्याला लाकडी किंवा रबरी हातोड्याने कडेकडेने टिचकावे. फटीत पेचकस घालून उचकटणे हे या धंद्यातील सर्वांत मोठे पाप म्हणावे लागेल. आज आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या गळक्या कव्हरांच्या कडेला पूर्वी कोणीतरी घातलेल्या पेचकसाची खूण सापडते.

चिकटलेले जुने पॅकिंग बांबूच्या तासलेल्या पट्टीने किंवा ब्लेडने आडवे धरून काढावे. ग्राइंडरचा ब्रश लावू नये. पडलेला चुरा इंजिनात जाऊ नये म्हणून आतून चिंधी दाबून ठेवावी, आणि ती काढावयास विसरू नये! कव्हरची कड जाड काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर फिरवून पाहिली की उंचवटे चमकतात, खोलगट जागा काळ्या राहतात. थोडा बाक असेल तर तसेच घासून सपाट होतो. तयार पॅकिंग मिळत नसेल तर पॅकिंगच्या कागदावरून हाताने कापता येते. मात्र कागदाची जाडी मूळच्याइतकीच हवी. विशेषतः सिलिंडरच्या बुडाखाली जाडी बदलली की कॉम्प्रेशनही बदलते.

आवळताना समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण एक किलो-मीटर जोर पुरतो. सोपा हिशेब असा की दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले तर जो जोर येईल तेवढा. मोठा पाना घेऊन खांद्याच्या ताकदीने आवळणारा कारागीर गळती बंद करीत नाही, आटे ओढून काढतो. आटे गेलेच असतील तर जाड बोल्ट घुसवण्यापेक्षा हेलिकॉइलची स्प्रिंग बसवून मूळ मापाचा बोल्ट लावणे चांगले. ड्रेन बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर दर खेपेस नवा टाकावा. तांब्याचा असेल तर लाल होईपर्यंत तापवून थंड केल्यावर तो मऊ होतो आणि पुन्हा चालतो.

राहिला बॉन्ड. ज्या जोडाला कंपनीने कागदी पॅकिंग दिले आहे तेथे बॉन्डची गरज नसते. दोन केसच्या जोडासारख्या ठिकाणी तो लागतो, पण पातळ थर पुरतो. जाड लावलेला बॉन्ड आत फुगून येतो, तुटतो आणि ऑईलच्या जाळीत व बारीक वाटांत जाऊन अडकतो. मग वर कॅमला ऑईल पोहोचत नाही. बाहेरून चोपडलेला बॉन्ड तर निव्वळ देखावा होय. ऑईलवर तो चिकटतच नाही. बॉन्डला सुकण्यास वेळही द्यावा लागतो, पूर्ण सुकण्यास एक दिवस धरावा. दुपारी जोडून लगेच ऑईल भरून गाडी घाटात पाठवू नये. गळती थांबविणारी म्हणून बाटलीत मिळणारी औषधे रबर फुगवतात, काही दिवस आराम पडतो. परंतु मोटारसायकलचा क्लच याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि भलते मिश्रण गेल्यास तो सरकू लागतो. याच कारणाने मोटारकारचे ऑईल स्वस्त पडते म्हणून यात घालू नये. डब्यावर जासो एमए ही खूण पाहून घ्यावे.

बुलेट आणि दोन-स्ट्रोक गाड्या

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा स्वभाव निराळा. तिचे ऑईल इंजिनाच्या केसमधील वेगळ्या कप्प्यात राहते आणि पंपाने फिरते. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की पंपाच्या फटीतून ते हळूहळू क्रँकच्या खोलीत उतरते. चालू करताच ब्रीदरमधून ऑईल ओकते. मालक घाबरतो, परंतु ही पॅकिंगची गळती नव्हे. खालचा बोल्ट काढून उतरलेले ऑईल काढावे, गाळून वर भरावे, आणि गाडी अधूनमधून चालवीत जावे. फारच लवकर उतरत असेल तर पंप तपासावा. डावीकडच्या चेनकेसला एकच मोठा नट आणि भोवती रबरी पट्टी असते. तेथे गळू लागले की लोक तो नट अधिक आवळतात, त्याने पत्रा वाकतो आणि गळती वाढते. रबर बदलून बेताने आवळावे.

आरएक्स-१००, एम-८० अशा दोन-स्ट्रोक गाड्यांत गिअरबॉक्सचे ऑईल वेगळे असते. ते कमी होत आहे, जमिनीवर मात्र डाग नाही, आणि सायलेन्सर पांढऱ्या धुराचे लोट सोडतो आहे, अशी तक्रार आली तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले असे समजावे. इंजिन ते ऑईल आत ओढून जाळते. डाग नसलेली ही गळती पुष्कळांना कळत नाही, आणि धुरावरून बोअर-पिस्टनचा खर्च विनाकारण केला जातो.

व्यवहाराची बाजू

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. आता जुन्या गाड्यांच्या व्यवहारात काय चालते? गळकी गाडी विकण्याच्या दिवशी सकाळी इंजिन रॉकेलने चकचकीत धुतात, ऑईल थोडे कमी ठेवतात म्हणजे दोन तास तरी थेंब पडत नाही, आणि गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी करतात. मग धान्याच्या ढिगाखालची ओल आणि ही ओल यांत फरक तो काय राहिला? जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनी गळती कोठे आहे, किती आहे हे गिऱ्हाईकाला दाखवून भाव ठरवावा. घेणाऱ्यानेही गाडी गरम करून, फिरवून आणून, पुठ्ठ्यावर अर्धा तास उभी करून पाहावी. नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण झालेली गाडी असेल, तर नूतनीकरणासाठी ती आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. तो खर्च आणि दुरुस्ती मिळून हिशेब करावा.

गॅरेजचे म्हणाल तर निदानाची मजुरी वेगळी सांगण्याची पद्धत पाडावी. आपल्याकडे कारागीर शोधण्याचे पैसे मागावयास लाजतो आणि मग ते सुटे भाग बदलून वसूल करतो. "तासभर शोधीन, त्याचे एवढे घेईन, मग काय निघते ते दाखवून पुढचे बोलू" असे म्हटलेले गिऱ्हाईकाला आवडते. काढलेले सील, पॅकिंग त्याच्या हातात द्यावे. ऑईलच्या डब्यातून जेवढे इंजिनात गेले तेवढेच गिऱ्हाईकाच्या कामी आले. तळाशी उरलेले शंभर-दीडशे मिलिलिटर त्याच्याच पैशाचे आहे, ते डबा बंद करून त्यालाच परत द्यावे. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन ही एक स्वतंत्र सूरहच आहे, हे दुकानात काम करणाऱ्या पोरांनाही शिकवावे. अमानत ही फक्त पैशाचीच नसते.

जाता जाता कारागिरांच्या रोजच्या प्रश्नाविषयी. इंजिन ऑईल हे नापाक नव्हे, आणि त्याचा नुसता तेलकटपणा वुजूच्या पाण्याला अडवीत नाही. परंतु नखांवर, बोटांवर सुकलेला बॉन्ड, शेलॅक किंवा रंग यांचा थर पाणी आत जाऊ देत नाही. तो वुजूपूर्वी काढावा लागतो. लाकडाचा भुसा आणि साबण यांनी चोळल्यास लवकर निघतो. यासंबंधी काही शंका असल्यास आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. जुम्याच्या दिवशी नमाजला निघताना ड्रेन बोल्ट काढून ऑईल निथळत ठेवावे. परत येईपर्यंत तळापर्यंतचे निघालेले असते.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा पुसून कोरडे करावे, पुडी भुरभुरून गाडी फिरवून आणावी आणि गिऱ्हाईकाला शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा दाखविण्यास सांगावे. तेव्हा बोल्ट एकदा हाताने तपासावेत, ऑईलची पातळी पाहावी. याचे वेगळे पैसे घेऊ नयेत.

निघालेले जुने ऑईल गटारात ओतण्याची सवय मात्र बंद केली पाहिजे. लोणावळ्याच्या बाजूची गटारे इंद्रायणीला मिळतात, वडगाव-पवनानगरकडचे ओढे इंद्रायणीला नाही तर पवनेला, आणि त्याच पाण्यावर खाली गावेच्या गावे जगतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते आणि ते मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावयाचे असते. एका लहान गॅरेजचे ऑईल न्यावयास कोणी येत नाही, ही अडचण खरी. एका बाजारातील चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून झाकणाचे एक बॅरल छपराखाली ठेवावे, त्यात रॉकेल, पाणी किंवा ब्रेकचे ऑईल मिसळू देऊ नये, आणि भरल्यावर एकदम द्यावे. स्वच्छ ठेवलेल्या ऑईलला भावही बरा येतो.